आनंद करता येतो का?

मराठीत आनंद ‘होतो’. ‘मला आनंद झाला’ असे आपण म्हणतो. ‘मी आनंद केला’ असे सहसा कोणी म्हणत नाही, आणि म्हटलेच तर त्यात सणासुदीच्या गजबजाटाचा सूर लागतो. भूक लागावी, झोप यावी, तसा आनंद व्हावा लागतो. माणूस त्याचा कर्ता नसतो, आनंद त्याच्याकडे येतो, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या मराठी भाषांतरांत मात्र ‘आनंद करणे’ हा प्रयोग वारंवार भेटतो, आणि तोही आज्ञार्थी. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौल सदैव आनंदित राहण्यास आणि प्रार्थनेत खंड न पडू देण्यास एका दमात सांगतो. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तर तो हे दोनदा सांगतो, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले आहे.

येथे विचारी वाचकाला अडखळल्यासारखे होते. जी गोष्ट होते ती ‘करा’ असे कसे सांगावे? ज्याचे पीक गेले, ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला आनंदाची आज्ञा देणे म्हणजे त्याला ढोंग शिकवणे नव्हे काय? आणि प्रार्थना हे आनंद मिळवण्याचे साधन मानले, तर ज्याला प्रार्थनेत काहीच वाटत नाही त्याची प्रार्थना खोटी ठरते काय? हे प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचे नाहीत. नित्य हरिपाठ म्हणणाऱ्या किंवा काकड्याला उठणाऱ्या कोणालाही ते कधी ना कधी पडलेले असतात. परंतु ख्रिस्ती परंपरेत आनंदाची आज्ञा इतकी उघडपणे दिलेली असल्यामुळे तेथे त्यांची धार अधिक जाणवते, म्हणून प्रस्तुत लेखात त्याच वाटेने जावयाचे ठरवले आहे.

ही वाट आपल्यापासून फार दूरची नाही. पांढुर्णा-सौंसरकडची माणसे ज्या नागपुराकडे बाजारासाठी, इस्पितळासाठी, शिक्षणासाठी पिढ्यान्‌पिढ्या जात आली, त्याच नागपुरात नारायण वामन टिळक हे कोकणातून आलेले तरुण संस्कृत पंडित आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ राहिले. पुढे त्यांनी राजनांदगावला नोकरी धरली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दोनच वर्षांच्या आत, १८९६-९७ च्या दुष्काळात, पंडिता रमाबाई आपल्या या मध्य प्रांतात आल्या आणि उपाशी मुली व विधवा शेकड्यांनी आपल्याबरोबर घेऊन गेल्या. मराठी ख्रिस्ती अध्यात्मातली ही दोन मोठी नावे. दोघांचाही माग आपल्या परिसराच्या कडेकडेने जातो आणि दोघांनाही आनंद सहजासहजी मिळालेला नाही.

आधी शब्दांकडे पाहू. ‘प्रार्थना’ या शब्दाच्या पोटात ‘अर्थ’ हा धातू आहे; मागणे, इच्छिणे हा त्याचा भाव. ‘उपासना’ म्हणजे जवळ बसणे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून गायिल्या जाणाऱ्या गीतांच्या पुस्तकाचे नाव ‘उपासना संगीत’ आहे, आणि त्यात टिळकांची गीते पुष्कळ आहेत. हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते. मागणारा हवे ते हाती पडले की उठून जातो. जवळ बसणाऱ्याला उठण्याची घाई नसते. सुख पहिल्याला मिळते, आणि ज्याला पौल आनंद म्हणतो तो बहुधा दुसऱ्याच्या वाट्याचा असावा. तरीही मागण्याला हलके लेखण्याची जी एक उच्चभ्रू अध्यात्मिक खोड असते, ती मला मान्य नाही. येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितलेली आहे. त्याने सांगितलेल्या एका दृष्टांतात एक विधवा अन्यायी न्यायाधीशाच्या दाराशी इतक्या वेळा जाते की तो कंटाळून तिला न्याय देतो. भाकरी आणि न्याय यांच्यासाठी केलेली ही मागणी देवाला हीन वाटत नसेल, तर आपण तिला हीन का म्हणावे? शिवाय जवळ बसण्याची सवय बहुतेकांना मागता मागताच लागते. लेकरू खाऊसाठी आईजवळ येते आणि खाऊ विसरून तिथेच रेंगाळते.

आता रमाबाईंकडे वळू. त्यांच्या बालपणी प्रार्थनेला तोटा नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून फिरत. दानधर्म, उपवास, जपजाप्य सर्व यथासांग चाले. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा या कुटुंबाने देवाकडे जितके मागता येईल तितके मागितले, आणि १८७४ मध्ये प्रथम वडील व पाठोपाठ आई अन्नावाचून गेली. थोरली बहीणही गेली. उरले रमाबाई आणि त्यांचा भाऊ. मागणे निष्फळ होते याचा इतका कठोर अनुभव ज्या मुलीला पंधरा-सोळाव्या वर्षी आला, तिने पुढे प्रार्थनेलाच आपल्या आयुष्याचा कणा केले, ही गोष्ट सहज ओलांडून जाण्यासारखी नाही.

याहून विलक्षण गोष्ट पुढची आहे. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटिज येथे बाप्तिस्मा घेतला. आता आनंदाचा झरा फुटला असेल असे आपण समजतो. परंतु १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात त्या स्वच्छपणे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ज्याच्या नावाचा तो धर्म त्याची भेट झालेली नव्हती. सिद्धान्त पटले होते, प्रार्थना चालू होती, शारदा सदन उभे राहिले होते, आणि अंतःकरण कोरडे होते. या आठ वर्षांत त्यांनी कोणाला आनंदी चेहरा करून दाखवल्याचे दिसत नाही. उलट इंग्लंडातल्या आपल्या हितचिंतक भगिनींशी त्यांनी धर्मतत्त्वांवर चांगलाच वाद घातला, त्रैक्यासारखा सिद्धान्त मुकाट्याने गिळण्यास नकार दिला. अनेक धर्मनिष्ठांना त्यांचे हे वागणे उद्धट वाटले. माझ्या मते पुढच्या आनंदाचा पाया त्या उद्धटपणातच घातला गेला. जे वाटत नाही ते वाटते असे त्यांनी देवाला किंवा माणसाला सांगितले नाही.

प्रार्थनेतला खरेपणा ही आनंदाची पहिली अट असावी, असे यावरून मला वाटते. बायबलातील दीडशे स्तोत्रांचा संग्रह चाळला तर त्यात स्तुतीच्या खांद्याला खांदा लावून गाऱ्हाणी उभी दिसतात. कितीएक स्तोत्रांचा आरंभ तक्रारीत आणि शेवट स्तवनात होतो. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारातच संपते, त्याला उजेडाची शेवटची ओळ नाही. ज्यांनी हा संग्रह उपासनेसाठी जपला त्यांनी ते स्तोत्र गाळले नाही. आपल्याकडे तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणे ज्यांच्या कानांवरून गेली आहेत त्यांना हे नवे वाटणार नाही. टिळकांनाही ते नवे वाटले नाही. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशा अर्थाचे ते बोलत असत. परक्या वृत्तांत आणि परक्या चालींत बसवलेल्या भाषांतरित स्तोत्रांनी मराठी माणसाचे अंतःकरण देवापुढे मोकळे होत नाही हे त्यांनी ओळखले, अभंगाला हात घातला, कीर्तनाला उभे राहिले. ‘अभंगांजली’ ही त्यांची रचना त्या निश्चयाची साक्ष आहे. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले होते, ते याच जाणिवेने.

आपल्यासारख्यांना हा मुद्दा समजावून सांगावा लागू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ एकीकडे गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले, तरी राज्य तेच. शाळा हिंदी, कचेरी हिंदी, बाजारात दोन्ही. पण देवघरात आणि आजारपणाच्या अंथरुणावर मराठीच. माणूस ज्या भाषेत रडतो आणि रागावतो त्याच भाषेत त्याला खरी प्रार्थना करता येते. घरातली नवी पिढी गोड चालीची हिंदी भक्तिगीते म्हणते, त्यात वावगे काही नाही. तथापि देवाशी भांडण्याची वेळ आली की त्यांना शब्द कोठून आणावे लागतील, याचा विचार घरच्या वडीलधाऱ्यांनी करण्याजोगा आहे.

परंतु खरेपणा पुरेसा नाही. नुसते गाऱ्हाणे करीत राहिलेला माणूस शेवटी आपल्या गाऱ्हाण्याचाच उपासक होतो. येथे हबक्कूक या जुन्या करारातील संदेष्ट्याच्या छोट्याशा ग्रंथाचा शेवट आठवतो. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, जैतुनाचे पीक बुडाले, शेतात धान्य नाही, वाड्यात मेंढरू नाही, गोठ्यात गुरे नाहीत, अशी सगळी यादी तो देतो आणि तरीही परमेश्वराच्या ठायी उल्हास करण्याचा आपला निश्चय सांगतो. ही यादी शेतकऱ्याची आहे. अंजिराच्या जागी संत्रा आणि जैतुनाच्या जागी कापूस घातला की ती सौंसर तालुक्यातल्या कोणत्याही गावाची होते. फळगळीने बाग रिकामी झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला त्या ‘तरीही’चे वजन सांगावे लागत नाही. हबक्कूक नुकसान नाकारीत नाही. त्याने एक एक वस्तू मोजली आहे, आणि मोजून झाल्यावर तो आपला आनंद त्या यादीबाहेर ठेवतो. बागेतल्या पिकावर त्याचा आनंद अवलंबून असता तर बागेबरोबर तोही गेला असता.

संत्र्याचाच विषय निघाला म्हणून एक सांगतो. आंबिया बहार धरायचा तर बागाईतदार हिवाळ्याच्या सुरुवातीला झाडाचे पाणी तोडतो. बागेला ताण देतो, असे आपण म्हणतो. पाने मलूल होतात, काही गळतात, नवख्या माणसाला वाटते बाग गेली. ताण योग्य बसला तर पाणी सोडल्यावर फांद्या फुलांनी भरतात. वर्षभर पाणी पीत राहिलेले झाड हिरवेगार दिसते आणि बहार मात्र तुरळक धरते. प्रार्थनेतल्या कोरड्या दिवसांविषयी अनेक साधकांनी जे लिहिले आहे ते या ताणाशी बरेच जुळते. गोडी आटते तेव्हा माणूस गोडीसाठी बसत होता की देवासाठी, हे त्याचे त्यालाच कळते. मात्र हा दृष्टांत फार ताणू नये. ताण लांबला तर झाड वाळते, हेही बागाईतदाराला ठाऊक असते. आणि ज्याच्या घरात नुकतेच प्रेत उठले आहे त्याला ‘देवाने तुम्हाला ताणावर सोडले आहे’ असे सांगणारा माणूस मला दगडाचा वाटतो. आपल्या कोरडेपणाविषयी हे ज्याचे त्याने म्हणावे. दुसऱ्याच्या कोरडेपणाशी आपले काम एवढेच की त्याच्या शेजारी बसावे.

कोरडेपणा ताणासारखा ठराविक मुदतीचा असतोच असेही नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये निवर्तल्या. त्यांची खाजगी पत्रे २००७ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा जगाला धक्का बसला. १९५० मध्ये त्यांच्या संस्थेची स्थापना झाली त्या सुमारापासून मधला थोडा काळ वगळता अखेरपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवली नव्हती. आपले हसू हे आतला रितेपणा झाकणारे पांघरूण आहे, असे त्यांनी आपल्या अध्यात्मिक मार्गदर्शकांना कळवले होते. काही टीकाकारांनी याला दांभिकपणा म्हटले. आरंभी ज्या प्रश्नाने आपण अडखळलो तो येथे सर्वांत कठीण रूपात समोर येतो. आतून आनंद होत नसताना आनंदी राहणे, म्हणजे खोटेपणा नव्हे तर काय?

मला हा आरोप टिकत नाही असे वाटते. दांभिक माणूस आपल्याला लाभ व्हावा म्हणून मुखवटा घालतो, आणि ज्यांच्यापाशी खरे बोलले पाहिजे त्यांच्याशीही खोटे बोलतो. तेरेसांनी देवापुढे आणि मार्गदर्शकांपुढे काहीही लपवले नाही. हसून पाहिले ते मरणपंथाला लागलेल्या माणसाकडे, आणि त्याला त्या हसण्याची गरज होती. रोग्याच्या खोलीत शिरताना दाराबाहेर डोळे पुसून आत जाणाऱ्या सुनेला आपण ढोंगी म्हणत नाही. ‘आनंद करणे’ या परक्या वाटणाऱ्या प्रयोगाचा अर्थ मला येथे प्रथम लागतो. होणारा आनंद हाती नसतो. दुसऱ्यासाठी करावयाचा आनंद हा मात्र अन्नासारखा आहे. स्वतः उपाशी असतानाही तो वाढता येतो. पौलाचे ते आज्ञार्थ अनेकवचनी आहेत, एकट्यादुकट्याला उद्देशून नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सगळ्यांनी मिळून केलेल्या आनंदात, ज्याला आज तो होत नाही त्याचीही पंगत बसते. वारीत चालणाऱ्याला हे ठाऊक आहे. पाय दुखत असताना दिंडीच्या टाळांनी पुढची दोन कोस वाट सरते.

प्रार्थना बळकट कशी करावी, असे कोणी विचारले तर मोठ्या युक्त्या मला सांगता येणार नाहीत. वेळ नेमलेली असावी, थोडी असावी, आणि मन लागले नाही म्हणून ती मोडू नये. पॅरिसमधल्या एका मठात सतराव्या शतकात बंधू लॉरेन्स नावाचा स्वयंपाकी होता. भांड्यांच्या खडखडाटातही आपल्याला देवाचे सान्निध्य प्रार्थनामंदिराइतकेच लाभते, अशी त्याची श्रद्धा होती. त्याचे नाव घेताना आपल्याला जात्यावरची जनाबाई आठवल्यावाचून राहत नाही. परंतु ही अवस्था लॉरेन्सला पहिल्या दिवशी आली नाही. मठात आल्यावर आरंभीची अनेक वर्षे त्याने मोठ्या मानसिक यातनेत काढली. गोड वचने वाचून आपण त्याच्या स्वयंपाकघरात एकदम शिरू पाहतो आणि मधली ती वर्षे वगळतो, म्हणून आपला उत्साह महिनाभरात विझतो.

दुसरी एक गोष्ट लक्ष्मीबाई टिळकांकडून शिकावी. नवऱ्याने १८९५ मध्ये धर्म बदलला आणि त्या एकट्या पडल्या. सोवळेओवळे, माहेर, समाज, लहान मूल या ओढाताणीत पाच वर्षे गेली. स्वतःचा बाप्तिस्मा त्यांनी १९०० मध्ये घेतला, तोही आपल्या मनाची खात्री झाल्यावर. या दुःखाचे वर्णन त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त केले आहे, आणि ते पुस्तक वाचताना माणूस पानोपानी हसतो. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा तापटपणा, स्वतःचे सोवळे, नव्या धर्मातल्या माणसांच्या तऱ्हा, कशालाही त्यांनी सोडलेले नाही. स्वतःच्या धार्मिकपणाला हसता येणे हे मला खऱ्या आनंदाचे फार विश्वसनीय लक्षण वाटते. धार्मिक उल्हासाचे जे उसने प्रकार असतात त्यांत सर्व काही असते, विनोद तेवढा नसतो.

उल्हासाचा विषय रमाबाईंच्या चरित्रातही आहे. १९०५ च्या उन्हाळ्यानंतर केडगावच्या मुक्तिसदनात मुलींच्या प्रार्थनांना भरती आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापांची कबुली आणि मग हर्ष, असा तो ओघ होता. शिस्तशीर उपासनेची सवय असलेल्या पुष्कळांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी तो दडपला नाही. स्वतः विद्वान, संयमी बाई. परंतु दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींना मोठ्याने रडण्याचा आणि मोठ्याने हसण्याचा हक्क आहे, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आणि त्याच वर्षांत सदनातले दळणकांडण, विणकाम, छापखाना, शाळा यांपैकी काही बंद पडले नाही. त्या भरतीविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

भरती ओसरल्यावर रमाबाईंनी जे केले ते कमी सांगितले जाते. साध्या बायकांना वाचता यावे म्हणून मूळ हिब्रू व ग्रीकवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. त्यासाठी त्या त्या भाषा शिकल्या, आणि वर्षानुवर्षे ते काम चालले. ऐकू येणे कमी झाले होते, प्रकृती थकली होती. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. सदनाचा भार तीच पुढे वाहील असे सर्वांनी धरलेले होते. त्यानंतर रमाबाई साडेआठ महिने जगल्या आणि ते दिवस त्यांनी भाषांतराच्या कागदांपाशी काढले. काम पुरे झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्यांचे मराठी बायबल १९२४ मध्ये छापून आले.